साथीला कोण होतं, तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नील यंगवर आलेला लेख वाचला. साठ वर्षं सतत गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या या कॅनेडियन कलावंताला मराठी वर्तमानपत्राने अर्धं पान दिलं, याबद्दल मनापासून आभार. लेखातल्या काही चुका मात्र दुरुस्त व्हायला हव्यात. त्या सगळ्या एकाच बाबतीत झाल्या आहेत: यंगच्या साथीला कधी कोण होतं. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीची बातमी चार ओळींची असली, तरी तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण हे तीत येतंच. या अर्ध्या पानात यंगच्या एकाही साथीदाराचं नाव नाही. 'आपल्या बँडसह' एवढ्यावर भागवलं आहे. यंगच्या बाबतीत हे चालण्यासारखं नाही, कारण गाणं कसं वाजणार हे तो आधी माणसं निवडून ठरवतो.

लेख म्हणतो की 'क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग' हा त्याने स्थापन केलेला पहिला बँड. तसं नाही. डेव्हिड क्रॉस्बी, स्टीफन स्टिल्स आणि ग्रॅहम नॅश यांचा तिघांचा अल्बम मे १९६९ मध्ये आला, तेव्हा यंग त्यात नव्हता. त्या अल्बमवरची बहुतेक वाद्यं एकट्या स्टिल्सने वाजवली होती. स्टुडिओत ते जमतं, रंगमंचावर जमत नाही. आणखी एक वादक हवा होता आणि अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमेत एर्तेगुनने यंगचं नाव सुचवलं. तो चौथा आला, म्हणून नावातही शेवटी. वुडस्टॉक या अमेरिकेतल्या गाजलेल्या संगीत महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम हा चौघांचा मिळून दुसराच जाहीर कार्यक्रम होता, आणि तिथे यंगने स्वतःचं चित्रीकरण करू दिलं नाही.

यंगने उभे केलेले किंवा उभे राहायला हात लावलेले बँड वेगळे आहेत, आणि त्यांची सुरुवात विनिपेगपासून होते. १२ नोव्हेंबर १९४५ रोजी टोरांटोत जन्म, १९५१ मध्ये पोलिओ, आईवडील विभक्त झाल्यावर आईबरोबर विनिपेग. तिथे शाळकरी वयात त्याने 'द स्क्वायर्स' काढला. १९६३ मध्ये त्यांची एक छोटी तबकडी निघाली, तीवर दोन्ही बाजूंना फक्त वाद्यसंगीत. ही मुलं इंग्लंडच्या 'द शॅडोज'ची भक्त होती आणि त्या बँडचा हँक मार्विन व्हॅमी बारने, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणाऱ्या गिटारवरच्या दांड्याने, सूर हलवण्यात तरबेज होता. यंगच्या गिटारवरचा तो थरथरता, लांबवलेला सूर तिथून आला आहे. सामान वाहायला स्क्वायर्सकडे जुनी ब्युइक शववाहिका होती. वाचायला विचित्र वाटेल, पण व्यवहारात सोयीची: शवपेटी सरकवायला तळाशी रूळ असतात, त्यांवर अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारी पेटी) ठेवून ढकलला की थेट आत. १९६५ मध्ये ती ओंटारियोत ब्लाइंड रिव्हरजवळ मोडली आणि स्क्वायर्सही तिथेच संपल्यात जमा झाला.

त्याच वर्षी फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे आजच्या थंडर बेमध्ये, यंगची स्टिल्सशी गाठ पडली होती. मधल्या काळात यंग टोरांटोच्या 'मायना बर्ड्स'मध्ये होता. त्याचा गायक म्हणजे पुढे फंक संगीतात गाजलेला रिक जेम्स. मोटाउन कंपनीसाठी डेट्रॉइटला ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि जेम्स अमेरिकी नौदलातून पळालेला आहे हे उघड झालं. त्याला अटक झाली, काम तिथेच थांबलं. यंग आणि बासवादक ब्रूस पामर यांनी बँडचं सामान विकलं, दुसरी एक शववाहिका घेतली, ही पॉन्टियॅक, आणि लॉस एंजेलिस गाठलं. एप्रिल १९६६ मध्ये सनसेट बुलेव्हार्डवरच्या गर्दीत स्टिल्स आणि रिची फ्युरे यांना ओंटारियोच्या नंबरप्लेटची शववाहिका दिसली आणि आत कोण असणार हे त्यांनी ओळखलं. ड्रमवादक ड्युई मार्टिन आला आणि 'बफेलो स्प्रिंगफील्ड' तयार झाला. नाव रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रोड रोलरवरच्या कंपनीच्या पाटीवरून घेतलेलं.

हा बँड जेमतेम २ वर्षं टिकला, अल्बम निघाले ३. पहिल्या अल्बमवर यंगची अनेक गाणी फ्युरेने गायली आहेत, कारण यंगचा उंच, कापरा आवाज लोकांना रुचेल असं कोणाला वाटत नव्हतं. यंगच्या आवाजाची थोरवी सांगताना लेखाने ही बाब घ्यायला हवी होती. बँड मोडण्याची कारणंही 'अहंकारांचा संघर्ष' या दोन शब्दांत मावत नाहीत. पामरला गांजाच्या प्रकरणात हद्दपार केलं आणि बासवादक बदलत राहिले. यंगला अपस्माराचे झटके येत. तो अधूनमधून बँड सोडून जाई: जून १९६७ च्या माँटेरे महोत्सवात तो नव्हता आणि त्याच्या जागी क्रॉस्बी उभा राहिला. स्टिल्स आणि यंग दोघेही मुख्य गिटारवादक, त्यामुळे सोलो कोणी घ्यायचा यावरून रोज ताण. मे १९६८ मध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. पण त्या मोडतोडीतून काय काय निघालं पाहा. फ्युरे आणि शेवटी आलेला जिम मेसिना यांनी 'पोको' काढला, स्टिल्स क्रॉस्बी-नॅशकडे गेला आणि यंगच्या हाती पुढे मेसिनाचीच एक गिटार आली. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहायचं आहे, पण आधी क्रेझी हॉर्स.

लेखात क्रेझी हॉर्सला 'यंगने पगारावर ठेवलेला वाद्यवृंद' म्हटलं आहे. हे वाक्य सर्वांत जास्त खटकलं. लॉस एंजेलिसमध्ये 'द रॉकेट्स' नावाचा ६ जणांचा बँड होता, १९६८ मध्ये त्यांचा स्वतःचा अल्बमही आला होता. त्यातले डॅनी व्हिटन (गिटार), बिली टॅलबट (बास) आणि राल्फ मोलिना (ड्रम) हे तिघे तर त्याच्याही आधी एकत्र गाणारे. म्हणजे त्यांचे आवाज एकमेकांत मुरलेले होते. यंगने या तिघांना आपल्याबरोबर घेतलं, नाव क्रेझी हॉर्स ठेवलं, आणि रॉकेट्स संपला. मागे राहिलेल्यांवर हा अन्यायच झाला, हेही म्हणायला हवं. मे १९६९ मध्ये आलेला 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर' हा अल्बम म्हणजे या चौघांचं पहिलं काम. त्यातली ३ मोठी गाणी यंगने तापाने फणफणलेला असताना एकाच दिवसात लिहिली होती.

क्रेझी हॉर्सच्या वादनात अवघड असं काही नाही, असं संगीत शिकलेली मंडळी म्हणतात. 'डाऊन बाय द रिव्हर'च्या ९ मिनिटांत बहुतांश वेळ ई मायनर सेव्हन आणि ए हे दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आहेत. पण हेडफोन लावून ऐका. एका बाजूला यंग तुटक, एकाच सुरावर घाव घातल्यासारखा वाजवतो. दुसऱ्या बाजूला व्हिटन कॉर्डच्या मधल्या जागा भरतो, कधी यंगच्या आधी, कधी नंतर, कधीच त्याच्या अंगावर नाही. मोलिना किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरवर (काठीने वाजणारा छोटा, करकरीत ड्रम) सरळ ठेका धरून बसतो. टॅलबटची बास किंचित मागे रेंगाळते, त्यामुळे लय जड वाटते, आणि गाणं पुढे जाताना ती थोडी हलतेही. विलंबितातला ठेका भरून धरणारा तबलजी ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज एकत्र बसवून, थेट वाजवून घेई. चुका राहिल्या तर राहू देई.

इथे पुण्यामुंबईतल्या, नाशिक-कोल्हापूरच्या तरुण बँडना ही गाणी वाजवताना नेमकं काय फसतं तेही लिहितो, कारण आपली पुरवणी ही मुलं वाचतात. पहिलं, गाणं फार जलद उचललं जातं. दुसरं, ड्रमवादक दर चार मापांनंतर फिल, म्हणजे ठेका सोडून छोटा तुकडा, टाकतो. इथे एकही नको, १ आणि ३ वर किक, २ आणि ४ वर स्नेअर, बस. तिसरं, दोन्ही गिटार एकाच जागी, एकाच आकाराचे कॉर्ड धरतात, मग सगळा चिखल होतो. एकाने खाली, पहिल्या तीन फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर) राहावं, दुसऱ्याने सातव्याच्या वर. चौथं, डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाडणारी पायपेटी) पूर्ण फिरवलेलं असतं. तसं केलं की तार हळू छेडा की जोरात, आवाज सारखाच येतो, आणि यंगच्या वादनाचा सगळा खेळ तर छेडण्याच्या जोरावर आहे. पेडलचा गेन (फाटण्याचं प्रमाण) अर्ध्यावर आणा, अ‍ॅम्पचा आवाज वाढवा, हात जड पाडा.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगची. 'सिनॅमन गर्ल', 'कॉर्टेझ द किलर' ही गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसतच नाहीत. सहावी आणि पहिली, अशा दोन्ही ई तारा एकेक पूर्ण स्वर उतरवून डी करायच्या: डी, ए, डी, जी, बी, डी. चौथी तार मोकळी डी असतेच, तिच्याशीच जुळवा. सहावी तिच्या खालच्या सप्तकात, पहिली वरच्या. ट्यूनरवर कंपनसंख्या दिसत असेल तर सहावी ८२.४ वरून ७३.४ वर, पहिली ३२९.६ वरून २९३.७ वर. दोन तारा सैल झाल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि बाकीच्या चार किंचित चढतात, म्हणून सहाही तारा पुन्हा एकदा तपासाव्या लागतात. बहुतेक मुलं हे विसरतात आणि मग 'गिटार बेसूर आहे' म्हणतात. बारीक तारांच्या संचात सहावी तार फ्रेटवर खडखडते. इलेक्ट्रिकवर १० ऐवजी ११ चा, म्हणजे किंचित जाड तारांचा, संच लावला की सुधारतं. या ट्यूनिंगचा फायदा असा की पहिली तार मोकळी वाजवली तरी डी आणि दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरही तोच डी. 'सिनॅमन गर्ल'चा सोलो ज्याला 'एकसुरी' म्हणतात, तो एकच सूर किती तऱ्हांनी बोलतो हे त्यावरून कळतं.

आता ती गिटार. लेखासोबतच्या छायाचित्रात यंगच्या मागे माणसापेक्षा उंच अ‍ॅम्प दिसतात आणि ओळीत लिहिलं आहे 'अवाढव्य ध्वनियंत्रणा'. ते १९७८ च्या दौऱ्यासाठी बनवलेले देखावे आहेत. खरा अ‍ॅम्प १९५९ चा फेंडर डिलक्स, एका १२ इंची स्पीकरचा, सुमारे १५ वॅटचा, सामान्य माणूस एका हाताने उचलेल एवढा. यंगने तो १९६७ मध्ये सुमारे ५० डॉलरला घेतला. त्यापुढे मायक्रोफोन ठेवला जातो, म्हणून हजारोंच्या मैदानात पुरतो. त्यात मूळच्या ६व्ही६ व्हॉल्व्हच्या जागी मोठे ६एल६ बसवलेले आहेत, त्यामुळे तो भयंकर तापतो आणि मागून पंखे लावावे लागतात. या अ‍ॅम्पची दोन व्हॉल्यूम बटणं एकमेकांवर परिणाम करतात: ज्या चॅनेलला गिटार जोडलेलीच नाही, त्याचं बटण फिरवलं तरी आवाजाचा पोत बदलतो. हा पोत कुठल्याही पेडलने येत नाही, म्हणून यंगच्या तंत्रज्ञांनी 'व्हिझर' नावाची पेटी बनवली. ती अ‍ॅम्पच्या माथ्यावर बसते आणि पायाने कळ दाबली की मोटर अ‍ॅम्पची बटणं प्रत्यक्ष फिरवून आधी ठरवलेल्या जागी नेते.

गिटार गिब्सन लेस पॉल, १९५३ ची, मुळात सोनेरी, वरून काळा रंग दिलेली, म्हणून नाव 'ओल्ड ब्लॅक'. मेसिनाकडून ती यंगने आपली नारिंगी ग्रेच देऊन अदलाबदलीत घेतली. तिच्यावर बिग्सबी व्हॅमी बार आहे: हँक मार्विनचा वारसा इथे येऊन बसला. ब्रिजजवळचा (जिथे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) मूळ पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या रूपात टिपणारा भाग, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्तीला दिला असताना हरवला. पुढे गिटारतंत्रज्ञ लॅरी क्रॅगने तिथे गिब्सन फायरबर्ड गिटारचा छोटा हंबकर (एक प्रकारचा पिकअप) बसवला. हा पिकअप इतका संवेदनशील आहे की गिटारच्या लाकडावर टकटक केली तरी ऐकू येते. आणखी एक छोटी कळ आहे. ती दाबली की ब्रिजचा पिकअप व्हॉल्यूम आणि टोनची बटणं वगळून थेट बाहेर जातो. सर्व ताकदीने. सोलोच्या मध्येच आवाज अचानक फाटल्यासारखा उसळतो, तो या कळीमुळे आणि व्हिझरमुळे.

तिसरी चूक तर कोणाच्याही लक्षात यावी अशी आहे. 'हार्ट ऑफ गोल्ड' हे गाणं लेख म्हणतो तसं क्रेझी हॉर्सबरोबरचं नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये यंग जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला गेला होता. निर्माता एलियट मेझरने तिथेच, आपल्या क्वाड्राफोनिक स्टुडिओत माणसं जमवली: ड्रमवर केनी बट्री, बासवर टिम ड्रमंड, पेडल स्टीलवर (आडवी ठेवून वाजवायची, सूर घसरवणारी गिटार) बेन कीथ. यातूनच 'स्ट्रे गेटर्स' हा बँड झाला, ज्यात पियानोवर जॅक निट्शे आला. लिंडा रॉन्स्टॅट आणि जेम्स टेलर त्याच कार्यक्रमासाठी गावात होते, त्यांनी मागचे सूर दिले. 'ओल्ड मॅन'मधला बँजोही टेलरचा. यंगच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली होती, जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून तो उभा राहू शकत नव्हता. म्हणून बसून, साधी गिटार. लेखात ज्याला 'लोकसंगीताकडे वळण' म्हटलं आहे, त्याच्या मुळाशी हे दुखणंसुद्धा होतं. बट्री नॅशव्हिलमधला नावाजलेला वादक, पण त्याला यंगने जवळजवळ काहीच वाजवू दिलं नाही. सरळ ठेका, एकही अलंकार नाही. बेन कीथही फार थोडं वाजवतो: पेडल स्टीलचा एक लांब सूर ओळीच्या शेवटी येतो आणि विरतो. ही संयमाची साथ आहे आणि ती त्या गाण्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर घेऊन गेली. यंगचं तिथे पोचलेलं ते एकमेव गाणं. (हे गाणं हार्मोनिकावर वाजवणाऱ्यांसाठी: हार्मोनिका जी सुराची घ्यावी, सी ची नव्हे. सी वर मधल्या सप्तकातला एफ शार्प मिळत नाही आणि मग सुरावट कुठेतरी अडते.)

यानंतरचा काळ लेखात एका ओळीत उरकला आहे, म्हणून थोडं सांगतो. नोव्हेंबर १९७२ मध्ये दौऱ्याच्या तालमीला यंगने व्हिटनला बोलावलं. हेरॉइनमुळे त्याला गाणी झेपेनात. यंगने त्याला ५० डॉलर आणि विमानाचं तिकीट देऊन परत पाठवलं आणि १८ नोव्हेंबरच्या रात्री व्हिटन अतिसेवनाने गेला. वय २९. 'आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट' हे रॉड स्ट्युअर्टमुळे जगभर पोचलेलं गाणं व्हिटनचं आहे, हे आजही किती जणांना ठाऊक असतं? पुढच्या वर्षी ताफ्यातला ब्रूस बेरी हाही तसाच गेला. ऑगस्ट १९७३ मध्ये यंगने टॅलबट, मोलिना, बेन कीथ आणि नील्स लॉफग्रेन यांना घेऊन हॉलीवूडच्या एका तालीमखोलीत रात्री-रात्री वाजवलं. मायक्रोफोनच्या वायरी बाहेर उभ्या ध्वनिमुद्रण गाडीपर्यंत नेण्यासाठी भिंतीला भोक पाडलं. आवाज फाटलेला, कधी मायक्रोफोनपासून दूर गेलेला, तरी काहीही पुसलं नाही. 'टुनाइट्स द नाइट' म्हणून ते १९७५ मध्ये बाहेर आलं. त्यात व्हिटनचा १९७० मधला एक थेट कार्यक्रमातला तुकडाही घेतला आहे. यंगचं सर्वोत्तम काम कोणतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हा अल्बम आहे, आणि तो या माणसांशिवाय कल्पनेतही येत नाही.

१९७५ मध्ये फ्रँक साम्पेड्रो व्हिटनच्या जागी आला. तो व्हिटनसारखा मधल्या जागा विणत नाही. जाड, सलग भिंत उभी करतो आणि यंगला तीवर हवं तिथे जाऊ देतो. म्हणून 'झुमा' या अल्बमपासूनचा क्रेझी हॉर्स ऐकायला वेगळा लागतो. १९७६ मध्ये स्टिल्सबरोबरचा दौरा यंगने अर्ध्यावर सोडला, स्टिल्सला तार केली आणि गाडी वळवली. १९७७ च्या उन्हाळ्यात तो सांताक्रूझच्या छोट्या बारमध्ये 'द डक्स' या चौघांच्या बँडमध्ये वाजवत होता. त्यातल्या जेफ ब्लॅकबर्नचं नाव यंगच्या 'माय माय, हे हे' या गाण्याच्या लेखनश्रेयात आहे.

ऐंशीचं दशक घाईने सांगतो. 'ट्रान्स' या अल्बममध्ये व्होकोडर नावाच्या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून काढलेला यंत्रमानवी आवाज होता. त्यामागे बोलू न शकणाऱ्या मुलाशी संवाद साधण्याची बापाची धडपड होती, ती तेव्हा फार थोड्यांना कळली. मग 'शॉकिंग पिंक्स'बरोबर १९५० च्या दशकातलं रॉक अँड रोल, 'इंटरनॅशनल हार्वेस्टर्स'बरोबर कंट्री, 'ब्लूनोट्स'बरोबर ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं. दर वेळी नवी माणसं, नवं नाव. गेफन कंपनीने १९८३ मध्ये त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा लावला, कारण काय, तर अल्बम 'नील यंगसारखे' नाहीत. दावा पुढे मागे घेतला गेला. ब्लूनोट्स हे नाव मात्र टिकलं नाही. त्याच नावाचा हॅरॉल्ड मेल्विनचा गायनसंच आधीपासून होता आणि त्याने हरकत घेतली.

१९९१ च्या क्रेझी हॉर्स दौऱ्यातल्या आवाजाने यंगचे कान दुखावले. कानात सतत नाद राहू लागला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्ट्रे गेटर्सना २० वर्षांनी पुन्हा बोलावून 'हार्वेस्ट मून' केला. १९९५ मध्ये पर्ल जॅम या बँडबरोबर सिअ‍ॅटलमध्ये अवघ्या ४ दिवसांत 'मिरर बॉल' ध्वनिमुद्रित झाला. कंपन्यांच्या करारामुळे पर्ल जॅमचं नाव मुखपृष्ठावर घालता आलं नाही. गेल्या दशकात कंट्री गायक विली नेल्सनच्या मुलांचा 'प्रॉमिस ऑफ द रिअल', २०१८ पासून लॉफग्रेनसह पुन्हा क्रेझी हॉर्स, आणि २०२४ पासून 'क्रोम हार्ट्स': मायका नेल्सन, कोरी मॅककॉर्मिक, अँथनी लोजेर्फो आणि ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम. ओल्डहॅम यंगपेक्षा वयाने मोठे आणि 'हार्वेस्ट मून'वरही तेच होते. लेखात 'हल्लीचा तरुण बँड' असं आलं आहे, तिथे निदान हा अपवाद नोंदवावा.

संपादक महोदय, पुढच्या वेळी असा लेख छापताना शेवटी एक चौकट द्यावी, ही विनंती: कोणत्या अल्बमवर कोण, कोणतं वाद्य. जागा फार लागत नाही. 'हार्वेस्ट मून'च्या शीर्षकगीतात ठेक्याबरोबर एक मऊ फरफर ऐकू येते. ती ब्रशची वाटते, पण ती केरसुणीची आहे. गाण्यात केरसुणी फिरवणारा माणूस म्हणजे लॅरी क्रॅग, ओल्ड ब्लॅकची निगा राखणारा तोच तंत्रज्ञ, आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत केरसुणीपुढे त्याचं नाव छापलेलं आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे